टक्केवारी तीच, पण पी-मूल्य दर वेळी वेगळं: दोन गटांची तुलना नेमकी कुठे अडते

दोन गटांमधल्या टक्केवारीची तुलना करायची आहे, आकडे वहीत तयार आहेत, आणि सॉफ्टवेअर मात्र दर वेळी नवंच उत्तर देतंय. दापोली-रत्नागिरीकडच्या कृषी शाखेच्या मुलांकडून ही अडचण दर वर्षी प्रबंध लिहायच्या दिवसांत हमखास ऐकू येते. कोणी आर वापरतं, कोणी जमोवी, कोणी एसपीएसएस, आणि बरेच जण साधं एक्सेल. मैत्रिणीचं उत्तर एक, आपलं दुसरं, मार्गदर्शकांनी हातानं काढलेलं तिसरं. मग सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटू लागतं. ते बिघडलेलं नसतं. प्रत्येकानं त्याला वेगळा प्रश्न विचारलेला असतो.

समजा, हापूसची कोय कलमं बांधली. शेडनेटखाली ८० बांधली, त्यातली ६० लागली. उघड्यावर ५० बांधली, त्यातली २९ लागली. म्हणजे ७५ टक्के आणि ५८ टक्के. (हे आकडे समजावण्यासाठी मी रचलेले आहेत, कुठल्याही रोपवाटिकेचे नाहीत.) एवढ्याच माहितीवर मला पाच वेगळी पी-मूल्यं (म्हणजे खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता) काढून दाखवता येतात: ०.००१, ०.१४, ०.०११, ०.०६६ आणि ०.०४२. यातली पहिली तीन सरळ चुकीची आहेत. शेवटच्या दोन्हींना आधार आहे.

०.००१ येतं ते फक्त लागलेली कलमं, म्हणजे ६० आणि २९, काय-वर्ग कसोटीला (मोजलेली संख्या अपेक्षित संख्येपासून किती दूर आहे हे पाहणारी कसोटी) दिली की. सॉफ्टवेअरला किती बांधली हे ठाऊकच नसतं. त्याला वाटतं, ८९ वस्तू दोन टोपल्यांत सारख्या वाटल्या गेल्या का, हे विचारताय. ते त्याचं प्रामाणिक उत्तर देतं. आपण ८० विरुद्ध ५० बांधली होती, त्यामुळे शेडनेटकडे जास्त लागणारच, याचा त्यात कुठे हिशेबच नाही.

०.१४ हे ७५ आणि ५८ या टक्केवाऱ्या तशाच भरल्या की येतं. चूक तीच, फक्त आकडे बदलले.

०.०११ जास्त फसवं आहे, कारण ते दिसायला नीटनेटकं असतं. इथे मुलं चारही घरं भरतात, पण मोजणीऐवजी टक्केवारीनं: ७५ आणि २५, ५८ आणि ४२. सॉफ्टवेअर समजतं की प्रत्येक गटात बरोबर शंभर कलमं होती. प्रत्यक्षात १३० कलमं बांधली, कसोटीच्या हिशेबात ती २०० झाली. न बांधलेल्या सत्तर कलमांचा पुरावा आपण फुकट जोडला, म्हणून पी-मूल्य खाली आलं. गटात हजार-दोन हजार कलमं असती, तर हीच चूक उलट दिशेनं नडली असती, खरा फरकही दिसेनासा झाला असता.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर चार घरांचा तक्ता काढा. शेडनेट: लागली ६०, गेली २०. उघड्यावर: लागली २९, गेली २१. बेरजा करून पाहा: ८० आणि ५०, ८९ आणि ४१, एकूण १३०. या तक्त्यात टक्क्याचं चिन्ह कुठेही यायला नको. प्रबंधाच्या जुन्या प्रतीतून किंवा कोणाच्या अहवालातून आकडे घेताना नुसती टक्केवारी मिळाली आणि एकूण संख्या मिळाली नाही, तर ही कसोटी करता येत नाही. थांबा आणि एकूण संख्या मिळवा.

आता ०.०६६ आणि ०.०४२. सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, कारण ‘फरक सिद्ध झाला’ म्हणायची रूढ सीमा ०.०५, आणि एक तिच्या वर आहे, एक खाली. तक्ता दोन्हीकडे तोच, बरोबर भरलेला. फरक फ्रँक येट्स यांनी १९३४ साली सुचवलेल्या सुधारणेचा आहे. येट्स रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात काम करायचे, म्हणजे तेही शेतातलेच आकडे मोजत होते. मोजणी पूर्णांकांत चालते, काय-वर्गाची वक्ररेषा मात्र सलग असते. ही तफावत भरून काढायला ते प्रत्येक फरकातून अर्धा वजा करायला सांगतात. तसं केलं की काय-वर्ग ४.१२ वरून ३.३७ वर येतो आणि पी-मूल्य ०.०४२ वरून ०.०६६ वर जातं.

आरमधली प्रॉप-टेस्ट ही आज्ञा दोन गटांसाठी ही सुधारणा न विचारता लावते. काय-वर्गाची आज्ञा चिस्क-टेस्ट (chisq.test) हीही दोन-बाय-दोन तक्त्याला लावते. जमोवी आपण खूण केल्याशिवाय लावत नाही. एसपीएसएस दोन्ही आकडे एकाखाली एक छापतं आणि निवड आपल्यावर सोपवतं. एक्सेलची चायस्क्वेअर-टेस्ट ती कधीच लावत नाही. तेव्हा मैत्रिणीचं उत्तर जुळत नसेल, तर पहिल्यांदा ही एक गोष्ट तपासा. आरमध्ये आज्ञेत ‘करेक्ट’ला ‘फॉल्स’ दिलं की जमोवीचाच आकडा मिळतो.

कोणतं घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे. गट बऱ्यापैकी मोठे असतील तर सुधारणा न लावलेलं घ्यावं, कारण येट्सची सुधारणा गरजेपेक्षा जास्त सावध आहे. ती खरा फरक झाकते. पण हे आकडे पाहण्याआधी ठरवायचं आणि पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं. दोन्ही करून बघून जे ०.०५ च्या खाली आलं ते उचलायचं, असं केलंत तर कसोटीला अर्थच उरत नाही. आणि पी-मूल्यापेक्षा फरकाकडे बघा. दोन गटांत १७ टक्क्यांचं अंतर आहे, आणि त्याचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं अंतर ज्यात असू शकेल तो पट्टा, जवळजवळ शून्यापासून सुमारे ३४ पर्यंत जातो. सुधारणा लावली तर तो शून्याच्या जरा खालून सुरू होतो, इतकंच. रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाला यातून कळतं की शेडनेटचा फायदा भरपूरही असेल किंवा नगण्यही असेल, आणि शंभर-दीडशे कलमांत याहून नेमकं सांगता येत नाही. त्याला नेट विकत घ्यायचं की नाही हे ठरवायला ०.०४२ किंवा ०.०६६ चा काही उपयोग नाही, या पट्ट्याचा आहे.

पी-मूल्य बरोबर १ येतं तेव्हा

जमोवी आणि एसपीएसएसमध्ये हे सारखं होतं. मुलं चार ओळी भरतात: शेडनेट-लागली-६०, शेडनेट-गेली-२०, उघड्यावर-लागली-२९, उघड्यावर-गेली-२१. मग कसोटी चालवतात आणि काय-वर्ग शून्य, पी-मूल्य १ असं येतं. सॉफ्टवेअरनं ६०, २०, २९, २१ हे आकडे वाचलेलेच नसतात. त्याच्या लेखी चार ओळी म्हणजे चार कलमं, प्रत्येक घरात एकेक. जमोवीत ‘फ्रिक्वेन्सीज’मधल्या ‘इंडिपेंडंट सॅम्पल्स’मध्ये गेलात की ओळी आणि स्तंभांच्या खाली ‘काउंट्स’ नावाची एक चौकट असते. संख्येचा स्तंभ तिथे सरकवा. एसपीएसएसमध्ये ‘डेटा’ मेनूतलं ‘वेट केसेस’ आधी चालू करावं लागतं. तक्त्याखाली एकूण १३० दिसतंय की ४, एवढं पाहिलं की निदान झालं.

एक्सेलमध्येही १ येतं, पण तिथलं कारण वेगळं. चायस्क्वेअर-टेस्टला दोन तक्ते लागतात, एक प्रत्यक्ष मोजणीचा आणि दुसरा अपेक्षित मोजणीचा. अपेक्षित तक्ता आपणच बनवायचा असतो: ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. आपल्या उदाहरणात शेडनेटमध्ये लागण्याची अपेक्षित संख्या ८० गुणिले ८९ भागिले १३०, म्हणजे ५४.७७. घाईत दोन्ही ठिकाणी तोच तक्ता निवडला गेला की फरक शून्य आणि उत्तर १. शिवाय या सूत्राचं उत्तर हे थेट पी-मूल्य असतं, काय-वर्ग नव्हे. ०.०४२ ला काय-वर्ग समजून पुन्हा सारणीत शोधायला बसू नका. आणि एक्सेलमध्ये ‘१० पैकी ३’ असं तिरकी रेघ घालून ३/१० लिहिलंत, तर त्याची तारीख होते. लागलेल्यांचा एक स्तंभ, बांधलेल्यांचा दुसरा, असं वेगळं लिहा.

तक्त्यात नको त्या ओळी

दोन-बाय-दोन तक्त्याचा स्वातंत्र्यांक (सॉफ्टवेअरमध्ये ‘डीएफ’) १ असतो. तो २ किंवा ३ दिसला तर कुठेतरी तिसरं नाव घुसलंय. मराठीत नोंदी करताना हे फार होतं: एकीकडे ‘लागली’, एकीकडे ‘लागलं’, एकीकडे ‘लागली’च्या शेवटी न दिसणारी रिकामी जागा. ‘वेंगुर्ला’ आणि ‘वेंगुर्ले’ माणसाला एकच गाव, सॉफ्टवेअरला दोन. शेतावर तिघांनी मिळून नोंदवही भरली असेल तर कसोटीआधी प्रत्येक स्तंभातली वेगवेगळी नावं छापून पाहा.

आरमध्ये आणखी एक गंमतीशीर वाटणारी पण प्रबंधात महागात पडणारी गोष्ट होते. नोंद ‘हो’ आणि ‘नाही’ अशी केली की वर्णक्रमात ‘न’ हा ‘ह’च्या आधी येतो, म्हणून तक्त्याचा पहिला स्तंभ ‘नाही’चा होतो. प्रॉप-टेस्ट पहिल्या स्तंभाला यश मानते. मग ७५ आणि ५८ ऐवजी २५ आणि ४२ छापून येतात, फरकाचं चिन्ह उलटं होतं. पी-मूल्य मात्र तेच राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ‘उघड्यावर जास्त कलमं लागली’ असं वाक्य प्रबंधात जाऊन बसतं. छापून आलेली टक्केवारी आपल्या कागदावरच्या टक्केवारीशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

छोटे गट आणि इशारा

‘काय-वर्गाचा अंदाज चुकीचा असू शकतो’ अशा अर्थाचा इशारा आर देतं, त्याला घाबरायचं कारण नाही, पण तो दाबूनही टाकू नये. एखाद्या घराची अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली की तो येतो. अपेक्षित, प्रत्यक्ष नव्हे, हे लक्षात घ्या. समजा १२ पैकी ११ कलमं लागली आणि दुसरीकडे १० पैकी ६. गेलेल्यांची अपेक्षित संख्या २.७ आणि २.३ येते. साधा काय-वर्ग इथे ०.०७८ म्हणतो, फिशरची अचूक कसोटी (अंदाज न लावता शक्यता थेट मोजणारी) ०.१४. इथे फिशरचंच घ्यावं.

ज्या प्रश्नाला मेनू नाही

इथवरचं सगळं दहा मिनिटांत दुरुस्त होतं. आता जे सांगतो ते दुरुस्त करायला कधी कधी पुढचा हंगाम उजाडावा लागतो, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही.

हापूसमधला साका घ्या. आंबा बाहेरून अगदी निर्दोष दिसतो, कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा भाग निघतो. न कापता तो नजरेला कळत नाही, म्हणून अभ्यासासाठी फळं कापावीच लागतात. समजा झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन केल्यानं साका कमी होतो का, हे बघायचं आहे. सहा झाडांखाली आच्छादन केलं, सहा तशीच ठेवली, प्रत्येक झाडाची ५० फळं कापली. आच्छादनवाल्या ३०० फळांत ६० ना साका, बाकीच्या ३०० त ८४ ना. २० टक्के आणि २८ टक्के. (हेही रचलेलेच आकडे.) काय-वर्ग ५.२६, पी-मूल्य ०.०२२. सगळं बरोबर भरलंय, अपेक्षित संख्या मोठ्या आहेत, इशारा नाही. आणि तरीही हा निष्कर्ष टिकत नाही.

ही कसोटी नावाप्रमाणेच ‘स्वतंत्र गटां’साठीची आहे. पण गट एकमेकांपासून स्वतंत्र असून भागत नाही, गटातलं प्रत्येक निरीक्षण दुसऱ्यापासून स्वतंत्र असावं लागतं. एका झाडाची पन्नास फळं एकमेकांपासून स्वतंत्र कशी असतील? त्यांचं खोड एक, मुळं एक, कातळाची खोली एक, दुपारचं ऊन एकाच बाजूनं. जमिनीतून वर येणारी उष्णता हे साक्याचं एक कारण मानलं जातं, म्हणजे उघड्या कातळावरचं झाड आणि मातीच्या खोलगट जागेतलं झाड यांत फरक पडणारच, आच्छादन असो वा नसो. पहिली दहा फळं कापल्यावर उरलेल्या चाळिसांबद्दल आपल्याला बरंच काही कळलेलं असतं. म्हणून पन्नास फळं हा पन्नास फळांइतका पुरावा नसतो.

किती असतो? एका झाडाच्या फळांमधलं साम्य मोजणारा सहसंबंध फक्त ०.१ धरला, तरी झाडामागे ५० फळं असताना पुरावा १ अधिक ४९ गुणिले ०.१, म्हणजे ५.९ पटीनं पातळ होतो. ३०० फळं साधारण ५१ फळांच्या मोलाची उरतात. काय-वर्ग ५.२६ ला ५.९ नं भागला की ०.८९ येतो, पी-मूल्य ०.०२२ वरून ०.३४ वर. सहसंबंध ०.१ म्हणजे काही फार नाही. तरीही आच्छादनाचा सगळा ‘सिद्ध झालेला’ परिणाम विरून जातो.

उपाय अवघड नाही. प्रत्येक झाडाची साक्याची टक्केवारी काढा, म्हणजे सहा आकडे एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला. त्यांवर दोन सरासऱ्यांची तुलना करणारी साधी टी-कसोटी लावा, किंवा टक्केवारी फार वाकडीतिकडी पसरली असेल तर आकड्यांच्या क्रमावर चालणारी मान-व्हिटनी कसोटी. जाणकार मदतीला असेल तर झाडाला यादृच्छिक घटक धरून मिश्र लॉजिस्टिक प्रतिमान (हो-नाही उत्तरांसाठीचं, झाडाझाडातला फरकही हिशेबात घेणारं) बसवा, ते अधिक चांगलं. पण बारा आकड्यांची टी-कसोटी ६०० फळांच्या काय-वर्गापेक्षा केव्हाही खरी. पुढच्या हंगामाची आखणी करताना यातून एक पक्की गोष्ट निघते: फळं वाढवण्यापेक्षा झाडं वाढवा. वीस झाडांची पंधरा-पंधरा फळं ही सहा झाडांच्या पन्नास-पन्नास फळांपेक्षा जास्त सांगतात, आणि बागाईतदाराचा माल तितकाच कापला जातो. एवढा आंबा कापून वाया घालवताना तरी त्यातून पुरेपूर उत्तर मिळावं.

वरचं शेडनेटचं उदाहरणही या चाळणीतून काढा. ८० कलमं एकाच नेटखाली होती. त्या एका जागेचा निचरा चांगला असेल, किंवा तिथली सगळी कलमं एकाच अनुभवी हातानं बांधली असतील आणि उघड्यावरची नवशिक्यानं, तर १७ टक्के कशाचे? नेटचे, जागेचे की हाताचे? कुठलीही कसोटी हे वेगळं करून देऊ शकत नाही. दोन-तीन जागी छोटी नेटं लावा, बांधणाऱ्या प्रत्येकाला दोन्हीकडची कलमं वाटून द्या, आणि डोळकाड्या एकाच झाडाच्या असतील तर त्याही दोन्हीकडे सारख्या वाटा. हे काम कलमं बांधण्याआधीच करायचं असतं.

याच घराण्यातली दुसरी चूक: तीच झाडं गेल्या वर्षी आच्छादनाविना, यंदा आच्छादनासह, आणि झाडाला रोग आला की नाही अशी नोंद. हे दोन स्वतंत्र गट नाहीत, एकाच झाडाच्या जोड्या आहेत. तिथे १९४७ साली मॅकनेमार यांनी दिलेली कसोटी लागते, आणि ती फक्त ज्या झाडांची स्थिती बदलली तीच मोजते. जमोवीत ती ‘पेअर्ड सॅम्पल्स’खाली आहे.

एका घरात शून्य

नीलम आणि हापूस यांच्या संकरातून कोकणात तयार झालेल्या रत्ना जातीत साका नसतो असं मानलं जातं, त्यामुळे रत्नाची हापूसशी तुलना करताना एका घरात शून्य येण्याची शक्यता मोठी. फिशरची कसोटी शून्याला अडत नाही. लॉजिस्टिक प्रतिमान मात्र अडतं: गुणांक अवाढव्य, त्याची प्रमाणित त्रुटी त्याहून अवाढव्य, आणि पी-मूल्य जवळजवळ १. फरक नाही असा त्याचा अर्थ लावू नका. फर्थची सुधारणा (असे फुगलेले गुणांक आवरणारी) केलेलं प्रतिमान वापरा, किंवा फिशरवरच थांबा. आणि ४० फळांत साका शून्य आला म्हणून ‘शून्य टक्के’ लिहून मोकळं होऊ नका. ३ भागिले ४०, म्हणजे साडेसात टक्क्यांपर्यंत साका असूनही ४० फळांत एकही न सापडणं शक्य आहे. ही वरची मर्यादा शून्यासोबत लिहा.

तीन किंवा जास्त गट

देवगड, राजापूर आणि वेंगुर्ला अशा तीन ठिकाणांची एकत्र कसोटी ‘कुठेतरी फरक आहे’ एवढंच सांगते. कुठे, ते पाहायला जोड्या-जोड्यांनी तुलना करा आणि पी-मूल्यांना होल्मची सुधारणा (अनेक तुलनांत योगायोगानं फरक दिसण्याची जोखीम आवरणारी) लावा. आरमध्ये पेअरवाइज-प्रॉप-टेस्ट ती आपणहून लावते, जमोवीत हातानं करावी लागते: तिन्हींतलं सगळ्यात लहान पी-मूल्य तिनानं गुणायचं, मधलं दोननं, सगळ्यात मोठं तसंच, आणि गुणल्यावर नंतरचं आधीच्यापेक्षा लहान झालं तर आधीचंच धरायचं.

एवढं करूनही उत्तर जुळत नसेल, तर कोणाला विचारताना पडद्याचा फोटो पाठवू नका. चार घरांचा मोजणीचा तक्ता, सॉफ्टवेअरचं नाव, सुधारणा लावली की नाही, आणि एका झाडामागे किंवा एका वाफ्यामागे किती निरीक्षणं घेतली, हे लिहून पाठवा. बहुतेक वेळा शेवटच्या मुद्द्याचं उत्तर लिहितानाच अडचण कुठे आहे ते सापडतं.